डिस्क मधूनच गायब होते, परत येते, पुन्हा गायब होते: बदलून घेण्याआधी काय तपासायचं

फाइल कॉपी करायला लावलेली असते. सत्तर टक्क्यांवर पट्टी थांबते, माउस अडखळतो, वीस-तीस सेकंद सगळं थिजतं आणि मग ती डिस्क 'धिस पीसी'मधून नाहीशी होते. पीसी बंद करून पुन्हा लावला की डिस्क जागेवर, फाइलीही जागेवर. चार दिवस काही होत नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

हा त्रास मी दहा महिने काढला. चार टेराबाइटची हार्ड डिस्क होती, तिच्यावर घरातले सगळे फोटो आणि आईच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग होती. पहिली डिस्क वॉरंटीत बदलून घेतली. बदलून आलेली सात आठवडे नीट चालली, मग तिनेही तेच सुरू केलं. तीही बदलली. तिसरी आली आणि तिसऱ्याच आठवड्यात गायब झाली, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की ओळीने तीन डिस्क अगदी एकाच पद्धतीने बिघडतील कशा? तिन्हींना सामायिक काय होतं ते शोधायला लागलो. सामायिक होती एक साटा केबल, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणारी डेटाची केबल. पीसी पहिल्यांदा जोडला तेव्हापासूनची, कॅबिनेटच्या झाकणाखाली दुमडून दाबली गेलेली.

म्हणजे आधीच्या दोन डिस्क बहुधा चांगल्याच होत्या. मी त्यांना खराब ठरवून परत पाठवलं, दोन वेळा सगळा डेटा इकडून तिकडे हलवला, आणि प्रत्येक वेळी तो हलवताना त्याच सदोष केबलमधून नेला. या शेवटच्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं. हे लिहितोय ते त्यासाठीच. ग्राहकांचे अनुभव वाचताना 'दोनदा बदलली, तिसरीही तशीच निघाली, हे मॉडेल घेऊ नका' असं वाक्य दिसलं की मला आता त्या माणसाला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: केबल बदलून पाहिली होती का?

आधी कॉपी, मग तपास

डिस्क पुन्हा दिसायला लागली की पहिला मोह होतो तो चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन, चालवण्याचा. तो आवरा. चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवली की ती फाइल सिस्टिममध्ये बदल करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. डिस्क खरंच मरणपंथाला असेल किंवा वाटेत डेटा बिघडत असेल, तर असं लिहिणं म्हणजे जखमेवर आंधळेपणाने टाके घालणं. फॉरमॅट मारण्याचा विचारही या टप्प्यावर नको.

जे पुन्हा मिळणार नाही ते आधी दुसरीकडे न्या. पूर्ण डिस्क एका दमात कॉपी करू नका. सगळ्यात मोलाचं फोल्डर पहिलं, मग त्याच्या खालचं. सिनेमे आणि इन्स्टॉलर शेवटी, नाही झाले तरी चालेल. घरात दुसरी साटा केबल असेल तर कॉपी सुरू करण्याआधीच ती लावा.

डिस्कमधून ठराविक लयीत टक-टक असा आवाज येत असेल, तर मात्र पुढचं काहीही करायचं नाही. लगेच पीसी बंद. तो आवाज बहुतेक वेळा हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, वाट चुकून पुन्हा पुन्हा मागे येत असल्याचा असतो आणि प्रत्येक फेरीला प्लॅटरच्या, म्हणजे आतल्या चकतीच्या, पृष्ठभागाला धोका असतो. तिथे डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या माणसाकडे जाणं हाच मार्ग. आवाज नाही, पण काही फाइली वाचताना डिस्क अडकून बसते, अशी स्थिती असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे साधन वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारा भाग बाजूला ठेवतं आणि शेवटी त्याकडे परत येतं. कुठपर्यंत काम झालं याची नोंद ते एका फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच डिस्क गायब झाली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही.

१९९ क्रमांकाची ओळ

प्रत्येक हार्ड डिस्क आणि साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) स्वतःबद्दलची एक नोंदवही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि कुठल्याही सिस्टिमवर स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधनं ती वाचून दाखवतात. ओळी बऱ्याच असतात, पण आपल्या कामाच्या मोजक्याच.

५ क्रमांकाची ओळ सांगते की किती सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) खराब झाले म्हणून डिस्कने त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले. १९७ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले. या तिन्हींचा संबंध डिस्कच्या पोटातल्या पृष्ठभागाशी आहे. वीज अचानक गेली तर १९७ मध्ये एखादा सेक्टर दिसू शकतो आणि त्यावर पुन्हा लिहिलं की तो नाहीसाही होतो. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण आठवड्या-आठवड्याला हे आकडे चढत असतील तर डिस्क आजारी आहे, वाद नाही. ती बदलून घ्या.

१९९ ची ओळ या सगळ्यांहून वेगळी. तिचं नाव यूडीएमए सीआरसी एरर काउंट. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात डेटाचा प्रत्येक तुकडा जातो तेव्हा त्याच्यासोबत एक तपासणी-संख्या जाते. पलीकडे पोचल्यावर ती संख्या पुन्हा काढतात. जुळली नाही, तर तुकडा वाटेत बिघडला असं धरून तो पुन्हा मागवला जातो, आणि या ओळीतला आकडा एकाने वाढतो. म्हणजे हा आकडा डिस्कच्या चकतीबद्दल काही बोलतच नाही. तो बोलतो वाटेबद्दल: केबल, तिची दोन्ही टोकं, मदरबोर्डवरचं पोर्ट, आणि क्वचित डिस्कच्या सर्किट बोर्डवरचा कनेक्टर.

माझ्या तिसऱ्या डिस्कवर हा आकडा १,८४६ होता. तिचं वय तेव्हा तीन आठवडे. ५, १९७ आणि १९८ तिन्ही शून्य.

इथे दोन गोष्टी लोकांना हमखास फसवतात. पहिली, क्रिस्टलडिस्कइन्फो वरच्या बाजूला निळ्या रंगात 'गुड' लिहितं, आणि ते पाहून माणूस खिडकी बंद करतो. त्याचा पिवळा इशारा ५, १९७ आणि १९८ या ओळींवर अवलंबून असतो; १९९ हजारांत गेली तरी वरचा रंग निळाच राहू शकतो. म्हणून खालची यादी स्वतः वाचायची. तिथे ओळींचे क्रमांक हेक्स, म्हणजे सोळावर आधारलेल्या मोजणीच्या, पद्धतीत असतात, त्यामुळे १९९ शोधून सापडणार नाही, तिला तिथे सी७ म्हणतात. १९७ म्हणजे सी५, १९८ म्हणजे सी६. आकडेही मुळात हेक्समध्येच दिसतात. मेन्यूत 'रॉ व्हॅल्यूज' दशमान करण्याची सोय आहे, ती आधी करून घ्या.

दुसरी गोष्ट, हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. तो आयुष्यभराचा हिशेब आहे. केबल बदलली, तरी १,८४६ तसेच राहिले, म्हणजे काही उपयोग झाला नाही, असं समजून डिस्क परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. पाहायचं असतं ते एवढंच की आकडा वाढायचा थांबला का. कागदावर तारीख आणि आकडा लिहा, केबल बदला, शंभरेक जीबी डेटा कॉपी करा, पुन्हा पाहा.

उलट्या दिशेची फसगतही सांगतो. सीगेटच्या हार्ड डिस्कमध्ये १ आणि ७ क्रमांकाच्या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात आणि नवी डिस्क घेणारा हादरतो. त्या आकड्यात चुकांची संख्या आणि एकूण किती वेळा वाचलं याची संख्या एकत्र गुंफलेली असते. चांगल्या, धडधाकट डिस्कवरही तो असाच दिसतो. त्यावरून डिस्क परत करू नका.

आणि सगळे आकडे शून्य असले म्हणून निर्धास्तही होऊ नका. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर बिघाडाची सगळ्यात ठळक मानली जाणारी चारही लक्षणं शून्यच होती. वाईट आकडा पुरावा असतो. चांगला आकडा हमी नसतो.

डिस्कची स्वतःची परीक्षा

वाट की डिस्क, हा निकाल लावणारी आणखी एक चाचणी आहे आणि ती फार कमी लोक करतात. स्मार्टमध्येच 'एक्स्टेंडेड सेल्फ टेस्ट' असते. ती सुरू करण्याचा हुकूम केबलवरून जातो, पण पुढे डिस्क स्वतःच्या पोटात, स्वतःच स्वतःला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. डेटा केबलवरून जातच नाही. त्यामुळे ही चाचणी पास झाली आणि तरीही कॉपी करताना डिस्क गायब होत असेल, तर संशय वाटेवर जातो. चाचणीच नापास झाली, तर कुठल्या सेक्टरवर अडली ते नोंदीत दिसतं आणि वॉरंटीसाठी त्याहून चांगला पुरावा नाही. चार टेराबाइटच्या डिस्कला यात सात-आठ तास सहज जातात. रात्री लावून ठेवा, पीसी झोपणार नाही अशी सेटिंग करून.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही खुणा असतात. सिस्टिम लॉगमध्ये डिस्कच्या नावाने ७ क्रमांकाची नोंद असेल तर बॅड ब्लॉक, म्हणजे बोट डिस्ककडे. ११ म्हणजे कंट्रोलरशी बोलताना चूक. १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं, १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करावं लागलं, आणि १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेल्यासारखी नाहीशी झाली. माझ्या लॉगमध्ये १२९ च्या ओळीच्या ओळी होत्या आणि ७ एकदाही नव्हता. दहा महिने ती माहिती तिथे पडून होती.

केबलमध्ये बिघडतं तरी काय

साटा केबल दिसायला क्षुल्लक असते. आत सात तारा: डेटा पाठवायची एक जोडी, घ्यायची एक जोडी आणि तीन ग्राउंड. यातून सेकंदाला सहा अब्ज बिटांपर्यंतचा वेग जातो. एवढ्या वेगाला तार काटकोनात मुडपणं, कनेक्टर अर्धा मिलिमीटर वर उचललेला असणं किंवा संपर्काच्या पट्टीवर धूळ बसणं पुरेसं असतं. कॅबिनेटच्या आतल्या साटा कनेक्टरची रचना साधारण पन्नास वेळा काढण्या-घालण्यासाठी केलेली आहे, आणि केबलची लांबी एक मीटरच्या आत असावी लागते. सारखी उघडझाप होणाऱ्या पीसीत पन्नास वेळा व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

केबल लावताना लोखंडी चापाची घ्या, बसली की टक् असा आवाज होतो. सरळ तोंडाची केबल लावून झाकण तिच्यावर दाबलं जात असेल तर काटकोनी तोंडाची वापरा. केबलींचा घट्ट गठ्ठा बांधून कॅबिनेट सुंदर दिसतं हे खरं, पण साटा केबलला तरी त्यातून वगळा.

आणखी एक खूण, जी मला फार उशिरा कळली. जोडणीत चुका होत राहिल्या की सिस्टिम वेग उतरवते. सहावरून तीन, तीनवरून दीड गिगाबिट. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'ट्रान्सफर मोड' नावाच्या चौकटीत 'साटा ३०० | साटा ६००' (म्हणजे तीन आणि सहा गिगाबिट) असं दिसत असेल, तर त्याचा अर्थ डिस्क ६०० ला तयार आहे पण सध्या ३०० वर चालली आहे. मदरबोर्डचं पोर्टच जुनं, तीन गिगाबिटचं असेल तर ते स्वाभाविक. पण काल ६०० होतं आणि आज ३०० असेल, तर वाटेत काहीतरी बिघडतंय.

नवी केबल लावूनही १९९ वाढतच असेल, तर पोर्ट बदला. पुष्कळ मदरबोर्डवर काही साटा पोर्ट मुख्य चिपसेटचे आणि काही वेगळ्या चिपचे असतात. मुख्य चिपसेटचं घ्या, कुठलं ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत असतं. पोर्टच सदोष असणं ही कल्पना नाही. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने स्वतः जाहीर केलं होतं की सहाव्या मालिकेच्या चिपसेटमधली तीन गिगाबिटची साटा पोर्ट काळानुसार क्षीण होत जाऊ शकतात. दोष चिपच्या रचनेत होता. त्याच बोर्डावरची सहा गिगाबिटची दोन पोर्ट सुरक्षित होती. म्हणजे ज्याची डिस्क दोन नंबरच्या, तीन गिगाबिटच्या पोर्टला, त्याला महिनोन्महिन्यांनी त्रास. ज्याची शून्य नंबरच्या, सहा गिगाबिटच्या पोर्टला, त्याला काहीच नाही. अशा बोर्डावर कितीही डिस्क बदलल्या असत्या तरी काय झालं असतं?

वीजपुरवठा: १२ आणि १९२

१९९ स्थिर आहे, ५-१९७-१९८ शून्य आहेत, आणि तरी डिस्क जाते. आता एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, वळा.

स्मार्टमध्ये १२ क्रमांकाची ओळ म्हणजे डिस्कला किती वेळा वीज दिली गेली. तुम्ही पीसी दिवसातून एकदा चालू करता आणि हा आकडा एका दिवसात सहाने वाढतो, याचा अर्थ पीसी चालू असतानाच डिस्कची वीज पाच वेळा गेली आणि आली. १९२ ही ओळ हेड घाईने बाजूला घ्यावं लागल्याची मोजणी करते. तीही सोबत वाढते. अशा वेळी डिस्क क्षणभर थांबून पुन्हा फिरू लागल्याचा आवाजही येतो.

साडेतीन इंची हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना काही सेकंद दोन अँपिअरच्या आसपास ओढते. एका स्प्लिटरवर चार डिस्क टांगल्या की सगळ्या एकदम सुरू होताना काय होत असेल याचा अंदाज येतो. अडीच इंची डिस्क आणि साटा एसएसडी ५ व्होल्टवर चालतात. मानकानुसार १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६ च्या आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत राहायला हवी. मल्टिमीटर असेल तर काम सुरू असताना मोजा, रिकाम्या पीसीवर मोजून काही कळत नाही.

स्प्लिटर आणि अडॅप्टर काढून डिस्क थेट एसएमपीएसच्या केबलला लावून पाहा. मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या वीज कनेक्टरवरून) साटा करणारे काही अडॅप्टर एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेले असतात. त्यांच्या आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याच्या घटना पुष्कळ झाल्या आहेत. डिस्कच काय, घरही धोक्यात येतं. तसला अडॅप्टर असेल तर आजच काढा.

याहून महत्त्वाचं म्हणजे मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबली. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनवर किती व्होल्ट याचं सर्वमान्य मानक नाही. केबल बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की पीसी सुरू करताच सगळ्या डिस्क एकदम जातात. 'नवा एसएमपीएस लावला आणि चारही डिस्क मेल्या' असा अनुभव लिहिणाऱ्यांत ही गोष्ट वारंवार निघते. एसएमपीएस बदलताना जुन्या केबली, कितीही नीट बांधलेल्या असल्या तरी, सगळ्या उपसून काढा.

नवी डिस्क अजिबात फिरतच नसेल तर एक शक्यता थोडक्यात: काही नव्या मोठ्या डिस्कमध्ये वीज कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात. जुना एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतो, आणि डिस्क आज्ञा पाळून झोपून राहते. ती मेलेली नसते.

बाहेरच्या यूएसबी डिस्कचा मामला सोपा आहे. पुढच्या पॅनेलचं पोर्ट सोडा, मागचं वापरा, लांब केबल बदला, हबमधून जोडू नका. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील आहे, यूएसबी ३ चं ९००. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना पहिलं पुरत नाही.

एम.२ एसएसडीचं वेगळं गणित

मदरबोर्डवरच्या एम.२ खाचेत थेट बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीला केबल नाही, म्हणून १९९ ची ओळही नाही. ती गायब होत असेल तर आधी स्क्रू पाहा. खाली बोर्डावर उंचीचा खिळा नसताना स्क्रू आवळला की कार्ड वाकतं आणि तापल्यावर संपर्क सुटतो. हीटसिंकची प्लास्टिकची फिल्म न काढता बसवलेली तर कितीतरी वेळा पाहिली.

ठराविक वेळ पीसी नुसता पडून राहिला की, किंवा झोपेतून उठला की, एसएसडी नाहीशी होत असेल, तर वीजबचतीचा संशय घ्या. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून आठवडाभर पाहा. मोठी कॉपी चालू असतानाच जात असेल, तर तापमान पाहा. बहुतेक एसएसडींसाठी ७० अंश ही कामकाजाची वरची मर्यादा दिलेली असते.

आणि एम.२ बसवल्यावर जुनी साटा डिस्क दिसेनाशी झाली असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. कित्येक मदरबोर्डवर एम.२ ची एखादी खाच आणि एखादं साटा पोर्ट एकच वाट वाटून घेतात. पोर्ट बदला.

दोष खरंच आतला असतो तेव्हा

सगळा दोष केबलींचा, असं माझं म्हणणं नाही. कधी डिस्कमधलं फर्मवेअरच, म्हणजे तिला चालवणारा आतला प्रोग्रामच, चुकलेलं असतं, आणि तेव्हा ग्राहकांचे नीट लिहिलेले अनुभवच सगळ्यात आधी ते दाखवून देतात. क्रूशियलच्या एम४ एसएसडीचं उदाहरण घ्या. ती ५,१८४ तास चालली की पीसी हँग व्हायचा. पुन्हा सुरू केला की तासाभराने पुन्हा हँग. ५,१८४ तास म्हणजे बरोबर २१६ दिवस. ज्याने 'आज सकाळपासून दर तासाला हँग होतोय, चालू तास इतके' असं लिहिलं, त्याच्या त्या आकड्याला किंमत होती. जानेवारी २०१२ मध्ये नवं फर्मवेअर आलं आणि प्रश्न मिटला. सॅमसंगच्या ८४० ईव्हीओवर लिहून बरेच दिवस झालेल्या फाइली वाचायला खूप वेळ लागायचा, नव्या फाइली झपाट्याने वाचल्या जायच्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये दुरुस्ती आली, ती पुरली नाही, एप्रिल २०१५ मध्ये दुसरी आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने इशारा दिला की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तास पूर्ण होताच बंद पडतील आणि डेटाही परत मिळणार नाही. एकाच दिवशी लावलेल्या डिस्क एकाच तासाला जाणार! तिथे रेडचा (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा मिळावा म्हणून केलेल्या जोडणीचा) आधारही उरत नाही. म्हणून चालू तासांची नऊ क्रमांकाची ओळ आणि फर्मवेअरची आवृत्ती, दोन्ही लिहून कंपनीच्या पानावर शोधा. अपडेट असेल तर बॅकअप घेऊन मगच चढवा.

वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (Red) नावाच्या डिस्क मालिकेचं प्रकरणही याच जातीचं. नासमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या अनेक डिस्कच्या पेटीत, नवी डिस्क घातल्यावर ती पुन्हा भरताना मध्येच बाहेर फेकली जाते, असं लोक सांगत होते. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने मान्य केलं की दोन ते सहा टेराबाइटच्या काही रेड डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. त्या पद्धतीत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लेखन आलं की डिस्क गुदमरते आणि कंट्रोलर तिला मेलेली समजतो. केबल बदलून हे सुधारलं नसतं. मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून ठेवणाऱ्या ग्राहकांमुळे ते उघड झालं.

म्हणून स्वतःचा अनुभव लिहिताना पूर्ण मॉडेल क्रमांक, फर्मवेअर, चालू तास, ५-१९७-१९८-१९९ चे आकडे, आणि काय काय बदलून पाहिलं, एवढं लिहा. 'बकवास आहे' या दोन शब्दांनी पुढच्या माणसाचं काहीच भागत नाही. आणि नवी म्हणून घेतलेल्या डिस्कचे हे आकडे पहिल्याच दिवशी टिपून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क, स्मार्टचे तास पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. त्या पकडल्या गेल्या त्या सीगेटच्याच फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदवहीमुळे, कारण तिच्यातले हजारो तास पुसलेले नव्हते. स्मार्टमॉनटूल्सच्या अलीकडच्या आवृत्त्या ती वाचतात.

डिस्क गायब होत नाही, सगळे आकडे स्वच्छ आहेत, पण कॉपी केलेल्या फाइली मध्येच फाटलेल्या निघतात, झिप उघडत नाहीत, असं असेल तर डिस्क सोडा आणि रॅम तपासा. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. रॅमचा वेग बायोसमधून वाढवलेला असेल तर आधी मूळ वेगावर आणा. डेटा डिस्कवर पोचण्याआधीच रॅममध्ये बिघडला, तर डिस्क तो बिघडलेलाच डेटा इमानाने जपून ठेवते, आणि तिच्या नोंदवहीत त्याबद्दल एक अक्षर नसतं.

केबल, पोर्ट आणि वीज तिन्ही बदलूनही १९९ वाढत राहिली, तर तीच डिस्क दुसऱ्या पीसीला, दुसऱ्या केबलने लावून पाहा. तिथेही वाढली तर दोष तिच्या स्वतःच्या सर्किट बोर्डात किंवा कनेक्टरमध्ये आहे. आता ती निःशंकपणे परत करा, आणि तक्रारीसोबत दोन्ही पीसींवरचे तारीखवार आकडे जोडा.

माझी तिसरी डिस्क अजून त्याच पीसीत आहे. नवी केबल लावून चौदा महिने झाले, आणि १९९ ची ओळ आज सकाळी पाहिली तेव्हाही १,८४६ वरच होती. आईच्या रेकॉर्डिंगच्या आता तीन प्रती आहेत, त्यातली एक पीसीच्या बाहेर, दुसऱ्या घरात.